मथळ्याचा जाड सेरिफ: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण मजकुराच्या टाइपबद्दल बोललो, म्हणजे पुस्तकाच्या पानावर तासन्‌तास वाचला जातो तो. शेवटी जाता जाता मी एक ओळ लिहिली होती की मथळ्याला वापरतात तो जाड डिस्प्ले सेरिफ हे वेगळंच प्रकरण आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, डिस्प्ले सेरिफ म्हणजे नक्की काय? आपला नेहमीचा सेरिफ फॉन्ट बोल्ड करून मोठा केला की झालं ना, मग वेगळा फॉन्ट कशाला?

नाही होत. का ते बघायचं असेल तर एवढं करा, पुस्तकात वापरतात तसला कुठलाही सेरिफ घ्या, बोल्ड करा, एकच शब्द ९० पॉइंटला टाका आणि त्याच्याखाली तोच शब्द प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टच्या ब्लॅक वजनात, म्हणजे त्याच्या सगळ्यात जाड रूपात टाका. वरचा शब्द नुसता फुगलेला दिसेल, अक्षरांमध्ये फटी, कोपरे बोथट. खालचा घट्ट बसलेला असेल, उभ्या दांड्या भक्कम, त्यांना जोडणाऱ्या रेघा एकदम बारीक आणि दांड्यांच्या टोकांचे ते आडवे पाय, म्हणजे सेरिफ, धारदार. वरचा फॉन्ट वाईट नाहीये, तो दुसऱ्या कामासाठी केलेला आहे. ९-१० पॉइंटला छापायचं म्हणून त्याच्या बारीक रेघा मुद्दाम जाडसर ठेवतात नाहीतर त्या तुटतात, अक्षरांमध्ये थोडी हवा सोडतात नाहीतर ती एकमेकांना चिकटतात, आणि लहान आकारात घेतलेली हीच काळजी मोठ्या आकारात थोराड दिसते.

खिळ्यांच्या छपाईत, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचे तेव्हा, हा प्रश्न यायचा नाही, कारण प्रत्येक आकारासाठी पोलादाचा पंच, म्हणजे अक्षराचा मूळ ठसा, वेगळा कापायला लागायचा आणि कापणारा माणूस लहान आकाराला रेघा जाड ठेवायचा, मोठ्याला बारीक करायचा, त्याच्या हाताला ते माहीत असायचं. पुढे फोटोटाइपसेटिंग आलं, एकच चित्र भिंगातून लहानमोठं करता यायला लागलं, मग डिजिटलमध्ये तर एकाच आउटलाइनवरून, म्हणजे अक्षराच्या एकाच बाह्यरेषेवरून, सगळे आकार, आणि त्यात हे ज्ञान मागे पडलं. आता ते परत येतंय ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. २०१६ मध्ये अडोबी, अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून व्हेरिएबल फॉन्टची, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराचं रूप कमीजास्त करता येण्याची, पद्धत जाहीर केली, तिच्यात ऑप्टिकल साइझ नावाची एक पट्टीच ठरवून दिलेली आहे. फ्रॉन्सेस नावाचा फुकट मिळणारा सेरिफ आहे त्याच्यात ही पट्टी ९ पासून १४४ पर्यंत सरकवता येते, ९ ला अक्षर दणकट आणि मोकळं, १४४ ला तेच अक्षर टोकदार आणि जाड-बारीक फरकाचं. एकदा ती पट्टी हाताने सरकवून बघा, डिस्प्ले म्हणजे काय ते तिथेच कळतं.

आता जाडपणाचं. अक्षर जाड करायला लागलं की काळा भाग वाढतो हे दिसतंच, पण तो वाढतो ती जागा येते कुठून, तर अक्षराच्या पोटातून. इंग्रजी ओ च्या मधलं भोक, लहान ई च्या वरचं छोटं घर, कॅपिटल ए चा त्रिकोण, या आतल्या मोकळ्या जागांना काउंटर म्हणतात. दांड्या जाड झाल्या की काउंटर आवळतात, आणि चांगला जाड सेरिफ ओळखायचा असेल तर मी काळ्याकडे बघतच नाही, हे काउंटर बघते. ते सगळ्या अक्षरांत एका जातीचे वाटतात का, लहान ई आणि लहान ए यांच्यात जागा शिल्लक आहे का, की नुसतीच चीर उरलीय. सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइनला बाहेरून जाडी चढवून केलेला बोल्ड इथे लगेच उघडा पडतो कारण त्याने सगळीकडे सारखीच जाडी लावलेली असते, बारीक रेघ पण जाड, काउंटर पण बुजलेला. हाताने काढलेल्या फॅटफेसमध्ये, म्हणजे मुळातच खूप जाड काढलेल्या टाइपात, उभी दांडी कितीही जाड झाली तरी बारीक रेघ बारीकच ठेवतात आणि आतला पांढरा आकार वेगळा काढतात.

प्रश्न: हे इतके जाड टाइप आले कुठून? जुन्या पुस्तकांत तर दिसत नाहीत.

जुन्या पुस्तकांत दिसणारच नाहीत, कारण पुस्तकाला त्यांची गरजच नव्हती. जवळपास साडेतीनशे वर्षं छपाईत एखादी गोष्ट उठून दिसायला हवी असेल तर मोठा आकार, इटॅलिक किंवा कॅपिटल एवढीच साधनं होती. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या पार्मामध्ये जांबात्तिस्ता बोदोनी आणि पॅरिसमध्ये दिदो घराणं यांनी अक्षरातला जाड-बारीक फरक खूप वाढवला, उभ्या दांड्या जाड आणि आडव्या रेघा केसासारख्या. व्होग मासिकाचं नाव ज्या अक्षरात दिसतं ते याच दिदोच्या वळणाचं आहे.

त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींचा धुमाकूळ सुरू झाला, भिंतीवर पत्रकं, त्यात सरकारी लॉटरीची पत्रकं तर ढिगाने, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने लांबून वाचलं पाहिजे. मग टाइप कापणाऱ्यांनी बोदोनीच्या सांगाड्यावर अंग चढवलं, बारीक रेघ तेवढीच ठेवली आणि दांडी जाड, अजून जाड. हाच फॅटफेस. रॉबर्ट थॉर्न या लंडनच्या टाइप कापणाऱ्याचं नाव याच्याशी जोडलं जातं. दहा-बारा वर्षांतच व्हिन्सेंट फिगिन्सने सेरिफसुद्धा दांडीइतकेच जाड केले, त्याला आज आपण स्लॅब म्हणतो. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीतून, म्हणजे टाइप ओतण्याच्या कारखान्यातून, क्लॅरेंडन आला, त्यात सेरिफ जाड पण दांडीला वळणदार खांद्याने जोडलेले. तो मुळात साध्या मजकुरात मधलाच शब्द उठून दिसावा म्हणून केलेला होता, शब्दकोशातले शब्द जसे दिसतात तसा. त्याची डिझाइन म्हणून कायद्याने नोंदणी केली होती, संरक्षण तीन वर्षांचं, ते संपलं आणि बाकीच्या फाउंड्र्यांनी धडाधड नकला काढल्या.

मोठ्या आकाराची अडचण वेगळीच होती. शिशाच्या मिश्रधातूचा हातभर खिळा ओतायचा म्हणजे तो भयंकर जड, महाग, आणि थंड होताना वाकडा होणार. १८२७ मध्ये न्यूयॉर्कला डेरियस वेल्सने लाकडी टाइप कोरायला यांत्रिक राउटर, म्हणजे फिरत्या पात्याचं कोरणारं यंत्र, वापरायला सुरुवात केली आणि मग पोस्टरच्या टाइपला धरबंदच राहिला नाही, हलका, स्वस्त, पाहिजे तेवढा मोठा.

माझा सगळ्यात लाडका मात्र विसाव्या शतकातला, कूपर ब्लॅक. शिकागोचे ऑस्वाल्ड कूपर हे अक्षरं हाताने काढणारे कलाकार, त्यांनी तो काढला आणि बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने १९२२ मध्ये विकायला आणला. तो मोठा करून नीट बघा. त्यात एकही टोक नाही, सेरिफ गोल, दांड्यांचे तळ सपाट नसून किंचित फुगीर, म्हणजे अक्षर ओळीवर टेकतं ते सरळ रेघेने टेकतच नाही. कॅपिटल ओ चं भोक मागे कललेलं. लहान आय आणि जे वरचे टिंब गोल नाहीत, तिरके लंबगोल आहेत. इतकं जाड असून अक्षर धाक दाखवत नाही ते या तिरकेपणामुळे आणि गोलाईमुळे. आणि याचा एक व्यावहारिक फायदा म्हणजे कडा गोल असल्याने छपाई थोडी हलली, शाई थोडी पसरली, अक्षर ओळीच्या किंचित वरखाली बसलं तरी काही बिघडत नाही. ईझीजेट विमानकंपनीचं नाव या टाइपात आहे, विमानाच्या अंगावर एवढं मोठं लिहिलेलं लांबून बघितलं तरी जवळचं वाटतं.

प्रश्न: मी वेबसाइटच्या हेडिंगला डीएम सेरिफ डिस्प्ले लावला. डिझाइन केलं तेव्हा छान कुरकुरीत दिसत होता पण ब्राउझरमध्ये अक्षरं माखल्यासारखी जाड दिसतात, बारीक रेघा पण जाड झाल्यात. फॉन्ट खराब डाउनलोड झालाय का?

फॉन्टला काही झालेलं नाही. या फॉन्टमध्ये साधा आणि इटॅलिक एवढंच आहे, दोन्ही ४०० वजनाचे, म्हणजे तो दिसायला जाड असला तरी तांत्रिक भाषेत रेग्युलर आहे. आणि ब्राउझर एच-वन, एच-टू या हेडिंगना काही न सांगता स्वतःहून बोल्ड लावतो. तुमच्या फाइलमध्ये बोल्ड नाही, मग ब्राउझर काय करतो तर रेग्युलर अक्षरालाच थोडी जाडी चढवून खोटा बोल्ड बनवतो, आणि त्यात पहिला बळी जातो तो बारीक रेघांचा. तुमचा डिझाइनचा प्रोग्रॅम असं करत नाही म्हणून तिथे नीट दिसलं.

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, त्या हेडिंगला फॉन्ट-वेट ४०० असं स्पष्ट लिहा, लगेच सुधारेल. शिवाय फॉन्ट-सिंथेसिस नन असं लिहून ठेवलंत तर ब्राउझर पुढे कधीच खोटा बोल्ड किंवा खोटा इटॅलिक करणार नाही. एब्रिल फॅटफेसचं पण हेच, त्यात तर एकच वजन आहे. ऑफिसच्या प्रोग्रॅममध्ये सुद्धा असले फॉन्ट निवडल्यावर बी चं बटण दाबू नका, तोच प्रकार होतो. फार लोकांना याने गंडवलेलं आहे आणि बिचाऱ्या फॉन्टला नावं ठेवली जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: पूर्ण परिच्छेद अशा टाइपात लावला तर चालेल का? मला तो फार आवडतो.

नका लावू. आवडतो म्हणूनच नका लावू. डोळा वाचताना अक्षराच्या आतल्या आणि मधल्या मोकळ्या जागांचा आधार घेतो, जाड टाइपात त्या जागा कमी आणि लहान आकारात तर संपल्यातच जमा, चार ओळींनंतर डोळा ओळीवरून घसरायला लागतो. एक ते सात-आठ शब्द ही त्याची खरी जागा. एखादं लहान वाक्य चालेल. पुस्तकाचं नाव, मासिकाचा मथळा, प्रकरणाचं पहिलं मोठं अक्षर, पोस्टरवरची तारीख, यात त्याला भरपूर वापरा.

प्रश्न: इतके फॉन्ट आहेत, प्लेफेअर, एब्रिल, कूपर, क्लॅरेंडन, रेकोलेटा, सगळे जाड सेरिफच. कुठला कशाला घ्यायचा हे कसं ठरवायचं?

मी मनात तीन स्वभाव धरते आणि कुठलाही नवीन फॉन्ट दिसला की आधी बघते हा कुणाकडे झुकतोय.

पहिला धारदार, जाड दांडी आणि केसासारखी रेघ. प्लेफेअरचं ब्लॅक वजन, एब्रिल फॅटफेस, बोदोनी-दिदोच्या वळणाचे सगळे पोस्टर टाइप. याचा आवाज ऐटीचा आहे, कपडे, दागिने, नाटक, मासिकाचं मुखपृष्ठ, दिवाळखोरीची बातमी सोडून काहीही मोठं सांगायचं असेल तिथे तो शोभतो. त्याला जागा लागते, भोवती मोकळं पान लागतं, आणि स्वच्छ छपाई किंवा चांगला स्क्रीन लागतो. प्लेफेअरमध्ये अजून एक सोय आहे, त्याची लहान अक्षरं उंच आहेत आणि खाली लोंबणारे भाग आखूड, म्हणून दोन ओळींचा मथळा जवळजवळ बसवता येतो. क्लाउस एगर्स सोरेनसेन यांनी तो २०११ मध्ये आणला, खुला आहे, म्हणून तो इतका सगळीकडे दिसतो.

दुसरा कामकरी, क्लॅरेंडनच्या घरातला. यात जाड-बारीक फरक कमी, सेरिफ भक्कम, काउंटर मोकळे. सूचनाफलक, पॅकिंगवरचं नाव, वर्तमानपत्री मथळा, जिथे कागद खडबडीत आहे किंवा माणूस चालता चालता वाचणार आहे तिथे मी डोळे झाकून याच्याकडे जाते. याच्यात नखरा नाही आणि मजकूर गंभीर असेल तर तो सगळ्यात विश्वासू.

तिसरा मऊ, म्हणजे कूपर ब्लॅक, रेकोलेटा, आणि फ्रॉन्सेसची मऊपणाची पट्टी वाढवली तर तोही. फ्रॉन्सेसमध्ये मऊपणासाठी वेगळी पट्टी आहे आणि अजून एक वॉन्क नावाची, ती चालू केली की लहान एन, एम, एच थोडे झुकतात, अक्षर जरा खट्याळ होतं. मुलांची पुस्तकं, खाण्यापिण्याच्या वस्तू, सांस्कृतिक कार्यक्रम, ज्यांना मैत्रीने बोलायचंय अशा कुणालाही हा स्वभाव जमतो. शोकसंदेशाला, कायदेशीर नोटिशीला, वैद्यकीय सूचनेला मात्र नको. तिथे तो मऊपणा वाचणाऱ्याला टोचतो, माणूस काळजीत असताना अक्षर हसऱ्या चेहऱ्याने समोर येतं.

निवडताना फॉन्टचं नाव किंवा ए-बी-सी-डीचा नमुना बघून ठरवू नका, तुमचाच शब्द टाइप करून बघा. प्रत्येक टाइपात दोन-चार अक्षरं देखणी असतात, कॅपिटल आर चा पाय, लहान जी चा कान, लहान वाय ची शेपटी, आणि विक्रेता नमुन्यात तीच दाखवतो. तुमच्या शब्दात ती अक्षरं नसतीलच तर त्या फॉन्टचं सगळं सौंदर्य तुमच्या काही कामाचं नाही.

प्रश्न: काळ्या पानावर पांढऱ्या जाड सेरिफमध्ये नाव छापलं, स्क्रीनवर मस्त होतं, छापून आलं तर अक्षरं मधूनच तुटलेली. प्रिंटर म्हणतो फाइलच तशी होती. मोबाइलवर पण कधीकधी असंच दिसतं. दोष कुणाचा?

न बघता एकाला दोष देता येणार नाही, पण काय झालं असेल ते सांगते. काळ्यावर पांढरं म्हणजे अक्षराच्या जागी शाई नसते, भोवती असते, आणि शाई कागदावर थोडी पसरतेच, ती पसरते आत, तुमच्या बारीक रेघेत. त्यात तो काळा रंग चार शाया मिळून केलेला असेल आणि एखादी शाई केसभर सरकली की बारीक रेघ भरून गेली. अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघ पांढऱ्यात ठेवणं मी टाळते. अशा वेळी कमी फरकाचा टाइप घ्या, किंवा त्याच फॉन्टचं लहान आकारासाठी केलेलं रूप असेल तर ते मुद्दाम मोठ्या आकारात वापरा, कुणाला कळणार नाही आणि रेघा टिकतील. मागचा काळा एकाच शाईचा ठेवता आला तर अजून बरं.

मोबाइलचा हिशोब सोपा आहे. समजा टाइपची बारीक रेघ फॉन्ट साइझच्या पन्नासाव्या हिश्श्याची आहे. ९६ पिक्सेलला ती साधारण दोन पिक्सेल होते, स्वच्छ दिसते. तेच हेडिंग मोबाइलसाठी तुम्ही २४ पिक्सेलवर आणलंत की ती अर्ध्या पिक्सेलची झाली, आणि साध्या स्क्रीनला अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही म्हणून तो फिकट राखाडी दाखवतो. जाड दांड्या ठणठणीत आणि मधल्या रेघा गायब, म्हणून लहान एन दोन खांबांसारखा दिसतो. वेबच्या वाचनसुलभतेच्या नियमात १८ पॉइंट किंवा त्याहून मोठा, नाहीतर १४ पॉइंटपासूनचा बोल्ड मजकूर मोठा धरतात आणि त्याला रंगफरक ३ ला १ चालतो, बाकीच्याला ४.५ ला १ लागतो. पण ते गणित दोन रंगांचं आहे, रेघेच्या जाडीचं त्यात काही नाही, त्यामुळे केसासारख्या रेघांच्या टाइपाला मी ती सवलत कधीच घेत नाही, रंगफरक भरपूरच ठेवते.

प्रश्न: मथळा नीट बसत नाही, काहीतरी विस्कळीत वाटतं पण काय ते कळत नाही.

बहुतेक वेळा अंतर. डिस्प्ले टाइप मुळात घट्ट बसवायला केलेला असतो, त्यात तुम्ही आकार अजून वाढवलात की अंतर डोळ्याला अजून जास्त वाटतं. ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं अंतर, थोडं उणे करा, एक-दोन टक्के, आणि मग शब्द उलटा करून बघा, म्हणजे पानच फिरवा, वाचता येणार नाही असं. मग अक्षरं अक्षरं राहत नाहीत, काळे-पांढरे ठिपके राहतात आणि जिथे पांढरं साठलंय ते भोक पटकन दिसतं. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत, कॅपिटल ए ला लागून व्ही, कॅपिटल टी नंतर लहान ओ किंवा वाय, कॅपिटल एल नंतर टी. तेवढ्या जोड्या हाताने सरकवा. दोन सेरिफ एकमेकांना टेकत असतील तर एकतर स्पष्ट टेकवा नाहीतर स्पष्ट सोडवा, अर्धवट टेकलेले वाईट दिसतात.

ओळींमधलं अंतर पण कमी करा. मजकुराला १.५ पट ठेवतो ते मथळ्याला १ किंवा १.१ पट पुरतं, पण वरच्या ओळीतली जी-वाय ची शेपटी खालच्या ओळीच्या डोक्याला लागत नाही ना ते बघून. शब्द थोडा बदलून किंवा ओळ दुसरीकडे तोडूनही हे सुटतं, आणि संपादक शेजारी असेल तर त्याला खुशाल विचारा, एका शब्दाच्या बदलाने मथळा सुंदर बसतो असं फार वेळा होतं.

प्रश्न: हे सगळं इंग्रजी अक्षरांचं झालं. मराठी मथळ्याला असा टाइप मिळतो का? देवनागरीत सेरिफ असतो का?

लॅटिनसारखा सेरिफ देवनागरीत नसतो आणि जबरदस्तीने चिकटवलेला बघितला की मला त्रास होतो. पण सेरिफ टाइपचा जो खरा गुण, जाड-बारीक फरक, तो देवनागरीत मुळातच आहे, बोरूने लिहिलेल्या अक्षरात तो येतोच. फक्त बोरूचा काप लॅटिन लेखणीच्या उलट बाजूला असल्याने जाडी उलट्या तिरक्या दिशेला पडते. म्हणून लॅटिन फॅटफेसचे नियम तसेच्या तसे उचलून चालत नाहीत.

जाड करताना देवनागरीची परीक्षा जास्त कडक आहे. वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये ष्ट्र किंवा क्ष्म सारखी जोडाक्षरं, एवढं सगळं एका उंचीत बसवायचं आणि त्यात दांड्या जाड. शिरोरेघ पण तेवढीच जाड केली तर डोक्यावर नुसता काळा पट्टा होतो आणि खालची अक्षरं त्याला लोंबकळतात. शिवाय भ, श, क्ष यांच्या गाठी आधी बुजतात. फॉन्ट तपासायचा असेल तर 'राष्ट्रीय', 'सूक्ष्म', 'श्रीमंती', 'ज्ञानेंद्रिय' असे शब्द टाका, 'कमल' टाकून काही कळत नाही, त्यात सगळेच चांगले दिसतात.

इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बघा, तो देवनागरी आणि लॅटिन दोन्हींसाठी एकत्र केलेला, खूप जाड-बारीक फरकाचा आहे, दोन्ही लिपी शेजारी ठेवायच्या असतील तर मी आधी तोच उघडते. मोठाच वापरा, लहान आकारात त्याच्या बारीक रेघा टिकत नाहीत. 'एक टाइप' या फाउंड्रीचा मोदक नावाचा फॉन्ट वेगळ्या जातीचा, गुबगुबीत, त्यात काउंटर म्हणजे अक्षरशः पांढऱ्या चिरा उरल्यात आणि तरी प्रत्येक अक्षर ओळखू येतं, पोटातली जागा कशी काढावी हे शिकायला त्याच्यासारखा नमुना नाही. जाडी नको पण जुन्या खिळ्यांच्या छपाईचं भारदस्त वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. वेबवर इतर फॉन्ट वापरताना पानाची भाषा मराठी अशी नोंदवा, काही फॉन्ट त्यावरून ल-श आपोआप बदलतात.

आणि एक कळकळीची विनंती, देवनागरी मथळ्याला ट्रॅकिंग लावू नका. वाढवलं की शिरोरेघ तुटते, कमी केलं की जोड एकमेकांवर चढतात. ओळींमधलं अंतर मात्र लॅटिनपेक्षा जास्त द्या, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांची टक्कर होते.

प्रश्न: फुकट मिळणारे फॉन्ट धंद्याच्या कामाला वापरले तर काही अडचण येते का?

प्लेफेअर, डीएम सेरिफ, फ्रॉन्सेस, रोझा हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छपाई, लोगो, वेबसाइट, विक्रीच्या वस्तूवर, सगळीकडे चालतात, पैसे द्यावे लागत नाहीत. फक्त फॉन्टची फाइल नुसती सुटी विकता येत नाही. कूपर ब्लॅकसारखे जुने टाइप वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या डिजिटल रूपात विकतात, त्यांचं लायसन्स त्या त्या फाइलसोबत वाचायचं. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असेल तर कामाला घेऊ नका, ज्याने महिनोन्‌महिने बसून ते काढलंय त्याची ती मेहनत आहे.

प्रश्न: सध्या जो तो गोल जाड सेरिफ वापरतोय. मी लोगोला घेतला तर दोन-तीन वर्षांत जुनाट दिसेल का?

हा टाइप फॅशनमध्ये येतो-जातो हे खरं आहे. १९७० च्या दशकात कूपर ब्लॅक, सूव्हेनियर असले मऊ सेरिफ सगळीकडे होते, सूव्हेनियर तर मुळात मॉरिस फुलर बेंटन यांचा १९१४ चा, तो एड बेंगियाट यांनी १९७० मध्ये नव्याने काढला आणि धो धो चालला. मग इतका वापरला गेला की लोक कंटाळले. गेल्या काही वर्षांत सगळ्या कंपन्यांचे लोगो एकसारख्या साध्या सॅन्स, म्हणजे सेरिफ नसलेल्या, अक्षरात गेल्यावर लोकांना पुन्हा स्वभाव असलेलं अक्षर हवंसं वाटलं, २०१८ मध्ये आलेला रेकोलेटा त्याच लाटेत चालला.

म्हणून सोडून द्या असं मी म्हणणार नाही. लोगो जुनाट होतो तो बहुतेक फॉन्टची फाइल जशीच्या तशी टाइप करून ठेवल्यामुळे, मग तोच शब्दाकार चार दुकानांवर दिसतो. शब्द टाइप करा, त्याची आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार बदलता येतील, आणि मग त्या विशिष्ट शब्दासाठी अक्षरं जुळवून घ्या, एखादा सेरिफ शेजारच्या अक्षराला जोडा, शेवटच्या अक्षराची शेपटी आखूड करा, एखादा काउंटर थोडा उघडा. लायसन्स बदल करू देतं ना ते आधी बघून घ्या. आणि लोगोची दोन रूपं करा, एक मोठ्या आकाराचं पूर्ण जाड-बारीक फरकाचं, आणि एक लहान, बारीक रेघा जाड केलेलं आणि अक्षरांत थोडी जास्त हवा सोडलेलं, अ‍ॅपच्या आयकॉनला, पाकिटाच्या कोपऱ्याला आणि शिक्क्याला. ते लहान रूप १६ पिक्सेलला आणि काळ्यावर पांढरं करून आधी तपासा, तिथे ई चं घर उघडं राहिलं की बाकी सगळीकडे राहतं.